सहा गुलाबी, सहा बिनरंगी

दिनांक ८ फेब्रुवारी १९७६, रविवार सकाळ. ऐवज: एक कोंबडी आणि बारा पिलं. पैशात सांगायचं तर कोंबडीचे बाजारात नऊ रुपये आले असते. एका दिवसाच्या पिलांना कुणी भाव विचारत नाही. हजर: मी, माझी बायको, डावीकडच्या घरातली अक्का आणि उजवीकडच्या घरातले जमादार चाचा. हे इतक्या रीतसर सांगायचं कारण, पुढचे तीन महिने बाकीच्या तिघांनी माझं जे डोकं खाल्लं त्याची सुरुवात त्या सकाळी झाली, आणि ती मी केली असं तिघंही अजून म्हणतात.

मी तेव्हा सोनपेठला एका जिनिंगमध्ये कापसाच्या वजनाचा कारकून होतो. गावाच्या कडेला, नदीकडे जाणाऱ्या वाटेवर आमची तीन घरं एका रांगेत. अक्का माझी सख्खी बहीण नव्हे. गल्लीत सगळेच तिला अक्का म्हणत. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एकच लेक, ती राणीसावरगावला दिलेली. अक्का वर्षभर दुसऱ्याच्या रानात खुरपणीला, वेचणीला जायची. दिवसभर घर बंद आणि अंगणाला कुंपण नाही. म्हणून तिची एकुलती कोंबडी खुडूक बसली तेव्हा तिने ती आमच्याकडे अर्धलीने दिली. अर्धल म्हणजे सरळ व्यवहार. कोंबडी आणि अंडी तिची, दाणा आणि राखण आमची. जगतील त्या पिलांत निम्मी तिची, निम्मी आमची, आणि पिलं मोठी झाली की कोंबडी मालकिणीला परत.

"औंदा मह्या वाट्याची इकायची न्हाईत," अक्काने कोंबडी देतानाच सांगितलं होतं. "लेक पहिल्या बाळंतपणाला यायलीय. बाळंतिणीला रस्सा पाहिजे, अंडं पाहिजे. मह्या घरात दुसरं काय हाय तिला द्यायला?"

म्हणजे अक्काच्या वाट्याची पिलं एका पहिलटकरणीच्या अंगात रक्त भरण्यासाठी होती. हे आम्हां सगळ्यांना माहीत होतं, आणि त्यामुळेच मला वाटलं की व्यवहार चोख हवा.

आमच्याकडे रीत अशी की अर्धलीची वाटणी पिलांना तुरा दिसायला लागल्यावर करतात. तोवर जी मेली, जी कुणी नेली, ती दोघांची मेली. मला ही रीत कधीच पटली नव्हती. जिनिंगमध्ये रोज बघत होतो: गाडीचं वजन आधी करून घेतलं नाही की संध्याकाळी शेतकरी एक आकडा सांगतो, हमाल दुसरा, आणि मार कारकुनाला. म्हणून तेरा अंड्यांतली बारा फुटली त्याच रविवारी मी वाटणी करायची ठरवली. साक्षीला चाचांना बोलावलं. ते निजामाच्या वेळेपासून पोलिसात होते, जमादार म्हणून निवृत्त झालेले. साक्ष म्हटलं की त्यांना टोपी घालावीशी वाटायची.

"बोटाएवढी पिलं," अक्का म्हणाली. "आताच वाटणी? भाऊ, तुमी लग्नाआधी बारसं करायलाव."

"नंतर वाद नको म्हणून."

"वाद कोन करनार हाय? मी का तुमी?"

"कुणीच नको म्हणून तर."

खूण कशाची करायची हा प्रश्न आला. पायाला दोरा बांधला तर पाय वाढतो आणि दोरा रुततो. बायकोने कुरडयांसाठी गुलाबी रंगाची पुडी आणून ठेवली होती, ती मी मागितली. ती द्यायला तयार नव्हती. शेवटी अर्धी दिली आणि म्हणाली, "उरलेल्या पुडीला हात लावलाव तर यंदा कुरडया पांढऱ्या खा." अर्ध्या पुडीचं पाणी सहा पिलांना पुरलं. सहा रंगली की उरलेली सहा आपोआप अक्काची. दोन्हीकडे खूण करायची गरजच काय? मी आमची सहा बुडवून काढली आणि अक्काची तशीच ठेवली.

"ऱ्हाऊ द्या बिनरंगाची," अक्का हसत म्हणाली. "गरिबाची हायेत म्हनून लांबूनच वळखू येतील."

चाचांनी टोपी सारखी केली. "छे और छे. गवाह मैं." वाटणी झाली. कोंबडीने गुलाबी पिलांकडे मान वाकडी करून अर्धा दिवस पाहिलं, दोघा-तिघांना टोचून खात्री केली आणि मग बाराही पंखाखाली घेतली.

आठवडा बरा गेला. मग एका दुपारी मी जेवायला घरी आलो तर अकरा. एक बिनरंगी कमी. पीस नाही, रक्ताचा थेंब नाही, ओढल्याची खूण नाही. बायको आत भाकरी थापत होती. तिने कोंबडीचा गलका ऐकला होता, पण कोंबडी दिवसातून दहा वेळा गलका करते.

चाचा काठी टेकत आले, अंगणात एक फेरी मारली आणि चुलीमागच्या भिंतीतलं बीळ दाखवलं. "घूस. देखो, मुंह कितना बडा है. खींचके अंदर ले गई."

"चाचा, ओढून नेलं तर मातीवर काही तरी दिसेल ना?"

"कारकूनसाब, चालीस साल चोर पकडे मैंने. चोर निशान छोडताच नै."

मी त्या रविवारी विटांचे तुकडे, फुटक्या बाटल्यांच्या काचा आणि चिखल भरून बिळं बुजवली. आठ बिळं निघाली. काच लागून माझाच अंगठा कापला. आणि मंगळवारी दुसरं पिलू गेलं, तेही बिनरंगी, तेही भर दुपारी, तसंच काही न ठेवता.

आता चाचा मुंगसावर आले. मुंगूस गळा धरतं, रक्त पितं आणि धड टाकून जातं, हे त्यांनीच सांगितलं. मग धड कुठे आहे, असं मी विचारलं. त्यावर त्यांनी परभणीच्या कचेरीतल्या एका मुंगसाची गोष्ट सुरू केली, तिच्यात धड सापडलं होतं, पण ती गोष्ट आमच्या अंगणाला लागू पडत नव्हती. तरी मी बोराटीच्या फांद्या आणून कडेने कुंपण केलं. फांद्या आणायला गाडीवाल्याला चहा पाजला. कुंपणाचा परिणाम एवढाच झाला की बायकोच्या लुगड्याला दोन ठिकाणी ओरखडे पडले आणि पिलं काट्यांत अडकून ओरडायला लागली. मग कुणी सांगितलं साप असेल, धामण पिलू अख्खं गिळते. मी खुराड्याभोवती राख पसरली, सरपटल्याची रेघ दिसावी म्हणून. राखेत पिलांच्या पायांची नक्षी उठली, दुसरं काही नाही. अंडी गेली असती तर मी धामणीवर विश्वास ठेवला असता. पण भर उन्हात, माणसांचा वावर असताना धामण अंगणाच्या मधोमध येऊन पिलू उचलत नाही, एवढं मलाही कळत होतं.

गावातल्या माणसाला कोंबडीचं पिलू मेलं एवढं सांगा. त्याच्याकडे एक शत्रू आणि एक उपाय तयार असतो. पिलू कधी गेलं, मागे काय राहिलं, कुठून गेलं, हे एकही जण विचारत नाही. जिनिंगमधल्या हमालाने मेलेला कावळा टांगायला सांगितला. एकाने मडक्यावर चुन्याचं तोंड काढायला सांगितलं. ते मी काढलंही. त्या तोंडाला घाबरली ती फक्त आमची कोंबडी. दोन दिवस तिने त्या कोपऱ्यात पाऊल टाकलं नाही.

तिसरं पिलू गेलं तेव्हा बायको दारातच बसली होती.

"सावली पडली," ती म्हणाली. "अंगनभर पडली अन् गेली. कोंबडी अंग टाकून वरडली. म्या वर बघंस्तवर निंबाच्या शेंड्यावरून पार."

"घार?"

"मग काय, इमान?"

म्हणजे दोन आठवडे मी जमिनीकडे बघत होतो आणि चोर वरून येत होता. दुपार, पीस नाही, रक्त नाही, ओढल्याची खूण नाही: चारही गोष्टी पहिल्या दिवसापासून घारीकडेच बोट दाखवत होत्या. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "वही तो मैं बोल रहा था."

पण घार कळल्याने माझी सुटका झाली नाही, उलट अडकलो. कारण गेलेली तिन्ही पिलं अक्काची होती. आमची सहाच्या सहा गुलाबी अंगणात हुंदडत होती.

अक्काने आधी तक्रार केली नव्हती. पहिलं गेलं तेव्हा म्हणाली, चालायचंच. दुसऱ्या वेळी म्हणाली, "मह्याच पिलाची चव लागली का कुनाला?" तिसऱ्यानंतर ती आमच्या अंगणातून जाण्याऐवजी मागच्या वाटेने जायला लागली. रानातून येताना पिलांना मूठभर कण्या आणायची, त्या बंद झाल्या. मी कामावर निघालो की ती दाराशी उभी राहून मोठ्याने भांडी आपटायची. शेवटी एका सकाळी चाचांच्या ओट्यासमोर तिने मला अडवलं.

"भाऊ, एक इचारू? रंगाची ऱ्हातेत अन् बिनरंगाची उडतेत. ती घार काय तुमच्या जिनिंगात कामाला हाय?"

"अक्का, घारीला मी काय सांगणार?"

"वाटनीचा कागद दाखवला आसंल तिला."

चाचा ओट्यावर हसले. मला राग आला तो हसण्याचा नव्हे. मला राग आला कारण तिच्या बोलण्यात हिशेब होता. तीनपैकी तीन तिची जाणं हा योगायोग असू शकतो, पण मी काट्यावर बसून आयुष्य काढलेलं. काटा तीनदा एकाच बाजूला झुकला तर मी वजनाला नव्हे, काट्याला दोष देतो. ह्या काट्यात काय बिघडलंय, तेच मला दिसत नव्हतं.

ते दाखवलं अक्काच्या लेकीने. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ती एसटीने आली, सातवा महिना, पाय सुजलेले, वीस वर्षांची असेल. आल्या संध्याकाळी आमच्या ओट्यावर टेकली, पिलांकडे बघितलं आणि म्हणाली, "मामा, समदीच का न्हाई रंगवली?"

"खूण म्हणून रंगवली. वाटणीची."

"खून कसली? आमच्याकडं घारीसाठी रंगवतेत. मही सासू पिलं निघाली की पहिलं रंगाचं पानी करती. घार वळखीचं पिलू धरती. लालभडक काही दिसलं की बिचकती."

मी बायकोकडे बघितलं. बायको माझ्याकडे बघत नव्हती, तिने पदर तोंडाला लावला होता.

आता सरळ गोष्ट होती: उरलेली तीन त्याच क्षणी बुडवायची. बायको पुडी आणायला उठलीही. पण मी तिला थांबवलं, आणि ह्या थांबवण्यावरून तिने मला पुढे किती वर्षं ऐकवलं ते मी मोजायचं सोडून दिलं आहे. माझं म्हणणं एवढंच होतं की सगळीच गुलाबी झाली तर अक्काची तीन कुठली हे कसं कळणार? तिचीच आधी तीन गेलीत. उद्या आणखी एखादं गेलं आणि ते कुणाचं हे सांगता आलं नाही तर मी तोंड कसं दाखवू? दुसरा रंग हवा. हिरवा. आठवडी बाजार तीन दिवसांवर होता. तिथे रंगाच्या पुड्यांचा माणूस बसायचा.

"तीन दिस घार उपाशी बसंल का?" बायको म्हणाली.

"तीन दिवस डालग्याखाली ठेव."

तिने ठेवली. पण पिलं डालग्याखाली आणि आई बाहेर असली की पिलं गळा काढतात आणि आई डालग्यावर चढून नाचते. दुसऱ्या दिवशी कोंबडीने ते डालगं उलथवलं. मी जिनिंगमध्ये होतो. ते आणीबाणीचे दिवस, कामावरून मिनिटभर आधी उठायची सोय नव्हती. घरी आलो तेव्हा अंगणात अक्काची लेक काठी घेऊन उभी होती, आणि बिनरंगी पिलं दोन राहिली होती.

तिने काठी भिंतीला टेकवली. आत गेली, बायकोच्या हातून कुरडयांची उरलेली पुडी घेतली, घमेल्यात पाणी केलं, दोन्ही पिलं बुडवली. मग आमची सहाही धरून पुन्हा बुडवली, कारण त्यांचा रंग उडत चालला होता. आठ ओली गुलाबी पिलं एकमेकांत मिसळून उन्हाला गेली.

"आता वळखा, मामा," ती म्हणाली.

मी ओळखू शकलो नाही. बाजाराच्या दिवशी हिरवी पुडी आणली, ती तशीच फडताळात पडून राहिली. त्या वर्षी आमच्या कुरडया पांढऱ्या झाल्या.

त्यानंतर घारीने एकही पिलू नेलं नाही. ती यायची, निंबावर बसायची, मान फिरवायची आणि नदीकडे निघून जायची. रंग उडाला की अक्काची लेक पुन्हा बुडवायची. दुपारभर ती आमच्या ओट्यावर, मांडीवर सूप, हाताशी काठी, आणि तोंडाने बायकोशी सासरच्या गोष्टी. अक्का पुन्हा आमच्या अंगणातून जायला लागली. पण कण्या आणायची नाही, आणि मला भाऊ म्हणायच्या जागी कारकून म्हणायची.

एप्रिलपर्यंत पिलांना खरी पिसं आली. चौदा तारखेला जयंती. संध्याकाळी आम्ही सगळे मिरवणुकीला निघालो. अक्काची लेकसुद्धा, तिला लांबून तरी बघायची होती. चाचा म्हणाले, "जाओ, मैं बैठा हूं ना. परिंदा पर नै मारेगा." ते ओट्यावर, तोंड आमच्या अंगणाकडे, हातात काठी. ह्याहून जास्त बंदोबस्त मी कुठून आणणार होतो?

दिवेलागणीला परतलो तर खुराड्याची फळी सरकलेली. आत सहा. दोन नाहीत. पण ह्या वेळी अंगणात गुलाबी पिसांचा सडा होता. खुराड्यापासून पिसांची ओळ निघून भिंतीकडे गेली होती, भिंतीशी रक्ताचे दोन डाग, एक तुटका पाय.

चाचा उठून आले. ओट्यावर त्यांचा डोळा लागला असावा. टोपी वाकडी होती. पिसांकडे बघून ठामपणे म्हणाले, "घार."

मी हातातला कंदील खाली ठेवला. "चाचा, घार अंधार पडताना येत नाही. घार फळी सरकवत नाही. घार पिसं इथे उपटत बसत नाही. हे मांजर आहे."

"मांजर? इस गली में बिल्ली कहां?"

हे वाक्य त्यांनी पुरतं उच्चारलं नसेल, तोच त्यांच्या भिंतीवर त्यांचा बोका येऊन बसला. चांगला थोराड, पांढराशुभ्र बोका, रोज वाटीभर दूध पिणारा. तो पंजा चाटत होता. कंदील वर धरला. बोक्याचं तोंड मिशांपासून गळ्यापर्यंत गुलाबी होतं.

चाचांनी टोपी सरळ केली. "होली का रंग होगा," ते म्हणाले.

"होळी होऊन महिना झाला, चाचा," बायको म्हणाली. "अन् बोक्याला कोन खेळवलं?"

अक्काची लेक पोट धरून हसायला लागली, इतकी की अक्का तिला ओरडली, "बस कर गं, आताच येशील बाळंत." मलाही हसायला हरकत नव्हती, पण मी मोजत होतो. सहा उरली. गेलेली दोन कुणाची, ते बोक्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं, आणि त्यालाही नसावं.

चाचांनी दुसऱ्या दिवशी आपल्या जुन्या पत्र्याच्या पेटीचं झाकण आणून खुराड्याला दार म्हणून स्वतः बसवून दिलं, बिजागरीसकट. कडी बाहेरून. बोका महिनाभर त्या कडीकडे बघत बसायचा. घारीला रंग, मांजराला कडी. पैशाने दोन्ही मिळून चार रुपयांच्या आतलं काम. ह्याच्यासाठी मी बिळं बुजवली, काटे ओढले, राख पसरली आणि मडक्याला तोंड काढलं.

मे महिन्यात लेक मोकळी झाली. मुलगी झाली. बाळंतीण अशक्त होती, तोंडावर रक्त नाही, ताप येऊन गेलेला. सुईण म्हणाली, पोटात चांगलं जाऊ द्या. पिलांना आता तुरे आले होते: चार कोंबडे, दोन तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या. मी सकाळीच अक्काच्या दारात गेलो.

"अक्का, वाटणी करू. रीतीप्रमाणे. सहा उरली, तीन तुमची, तीन आमची."

"मही कुठली तीन?" अक्का चुलीपुढून उठली नाही. "वाटनी त्या दिशीच झाली. तुमीच केली. जमादार साक्षी हाय. मह्या वाट्याची चार घारीनं नेली अन् दोन बोक्यानं. मह्याकडं काई ऱ्हायलं न्हाई."

"बोक्याने नेलेली तुमची कशावरून?"

"तुमची कशावरून?"

"सगळी गुलाबी होती!"

"तेच म्हनायले मी. वळखून दाखवा."

"अक्का, घरात बाळंतीण आहे."

"हाय. मही हाय. मी उधारीनं आनीन, पन वाटनी झाल्यावर दुसऱ्याच्या वाट्याला हात लावनार न्हाई. तुमी चोख मानूस, मीबी चोख."

मी चाचांना बोलावलं. त्यांनी टोपी घातली, दोन्ही बाजू ऐकल्या आणि सांगितलं, "गवाही तो वही है. छे और छे." मी त्यांना म्हणालो की साक्षीदाराने निदान आपल्या बोक्याची तरी साक्ष काढावी. ते रागावून गेले. मी अर्धा तास अक्काच्या दारात उभा राहून रीत समजावत होतो, जी रीत मीच फेब्रुवारीत मोडली होती, आणि ती मला माझीच वाटणी शब्दाला शब्द परत ऐकवत होती. तिचा आवाज चढला नाही. तोच तर त्रास होता. आतून बाळंतिणीचा आवाज आला, "मामा, उन्हात नका थांबू," आणि मी परत फिरलो.

घरी येऊन मी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमी वाटनी घेऊन कशाला गेलाव?"

"मग काय घेऊन जायचं होतं?"

"बाळंतविडा."

तिने फक्त तेवढंच सांगितलं आणि एका कोंबड्याचे पाय बांधले. ओटीला नारळ, खारका, अर्धा शेर मेथ्या, वर पदराखाली कोंबडा, अशी ती अक्काच्या दारात गेली. मी भिंतीआडून ऐकत होतो.

"आता हे काय आनलंस?" अक्काचा आवाज.

"तुमच्यासाठी न्हाई आनलं. बाळंतिणीसाठी हाय. बाळंतविड्याला न्हाई म्हनताव का, म्हना. म्या गल्लीत सांगते."

कोंबडा फडफडल्याचा आवाज आला. मग अक्का म्हणाली, "कारकुनानं शिकवलं वाटतं."

"त्यांला हे सुचलं आसतं तर मार्चातच नसतं का सुचलं?"

आणि आतून बाळंतीण हसली.

दर तीन-चार दिवसांनी एक, असे चारही कोंबडे गेले. बायको प्रत्येक वेळी काही तरी निमित्त काढायची: पाचवी, मग बाळाच्या काजळाचं, मग बाळंतीण पहिल्यांदा अंगणात आली त्याचं. अक्का प्रत्येक वेळी कुरकुरायची आणि प्रत्येक वेळी घ्यायची. दुसऱ्या कोंबड्यानंतर बाळंतिणीच्या ओठांवर रंग दिसायला लागला, असं बायको म्हणाली. मी पुरुष माणूस, मी काही आत जाऊन बघितलं नाही. चाचांचा राग उतरल्यावर ते एका सकाळी तुपाची बरणी घेऊन आले आणि अक्काच्या उंबऱ्यावर ठेवून म्हणाले, "मेरे बोके का जुर्माना."

शेवटी दिलं ते असं. बाळंतिणीला चार कोंबडे, आमच्याकडून. तिलाच पाव किलो तूप, चाचांकडून. अक्काला तिची कोंबडी परत, मोजून, चाचांच्या समक्ष. दोन तलंगांपैकी एक आम्ही ठेवली. दुसरी बारशाच्या दिवशी मी स्वतः नेली आणि पाळण्याच्या पायाला बांधली. अक्काने विचारलं, ही कुणाला? मी म्हणालो, वाटणीत जी त्या दिवशी हजर नव्हती तिला. अक्काने तलंगेचा पाय सोडला, तिला आपल्या कोंबडीच्या खुराड्यात नेऊन टाकलं, आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "बसा भाऊ, घुगऱ्या खाऊन जा."